मथळा मुंबईत, परिणाम आमच्या अंगणात

बंदरकाठचा (धागाकर्ता)

जुन्या मथळ्यांची गंमत सगळीकडेच असते, पण कोकणातली तऱ्हाच वेगळी. मथळा छापायचा मुंबईत नाहीतर पुण्यात, छापणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दादर-गिरगाव किंवा सदाशिव पेठ, आणि वाचायचा आम्ही. तोही शिळा. आमच्या गावात मुंबईचा पेपर रातराणी एसटीने यायचा. कंडक्टर चालत्या गाडीतून गठ्ठा चहाच्या टपरीकडे भिरकावायचा आणि पावसाळ्यात तो बरोब्बर डबक्यात पडायचा. टपरीवाला पानं सुटी करून चुलीच्या उबेला धरायचा. सगळ्यात जास्त भिजलेलं असायचं पहिलं पान. ते वाळेपर्यंत कुणीतरी आतलं वाचून दाखवायचं, म्हणजे आधी सोन्याचा भाव, मग निधनवार्ता, मग शेंगदाणा तेल. तोवर जमलेल्या मंडळींनी मथळा काय असेल ते आपापसात ठरवून टाकलेलं असे. वाडीवर पोचायचा तो हा ठरवलेला मथळा. छापलेला कुणी फारसा वाचलाच नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण लोक त्याबरहुकूम कामाला लागायचे. बी पेरायचे, कोंबड्या कापायचे, जागा विकायचे, लग्नं पुढे ढकलायचे.

अर्थात तक्रार करायला आम्हाला तोंड नाही. मराठी वृत्तपत्र हे प्रकरण सुरू केलं आमच्याच माणसानं. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' काढलं, म्हणून त्या तारखेला आपण पत्रकार दिन करतो. 'केसरी'चे टिळक जन्मले रत्नागिरीत, 'काळ'वाले शिवराम महादेव परांजपे महाडचे. काडी लावणारे सगळे आमच्यातलेच.

सुरुवात मी करतो, स्कायलॅबने. जुलै १९७९. अमेरिकेची सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली येणार हे कितीतरी दिवस छापून येत होतं, आणि नेमकी कुठे पडेल ते नासालाही सांगता येत नव्हतं. एवढी मोकळीक मिळाल्यावर उरलेलं काम टपरीने केलं. वाडीत दोन पक्ष पडले. एक म्हणे समुद्रात पडणार, मासळी मरणार. दुसरा म्हणे डोंगरावर पडणार, गुरं वर सोडू नका. समुद्रपक्षाने होड्या किनाऱ्यावर घेतल्याचं मोठं कौतुक झालं. होड्या आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, दरवर्षीच वर घेतात हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग ठरलं की रात्री आभाळावर नजर ठेवायची. आता जुलैतल्या कोकणात आभाळ दिसतं कुठे? बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे लोक पडवीत बसून वर बघत होते, म्हणजे वाशांकडे आणि कौलांकडे. कुणाच्या तरी घरात विचार निघाला की मरायचंच आहे तर कोंबड्या कुणासाठी मागे ठेवायच्या. तासाभरात हा विचार वाडीभर फिरला. त्या वर्षीची गटारी अमावास्येची वाट न बघताच साजरी झाली. ११ जुलैला आपल्याकडच्या रात्री दहाच्या सुमारास ते धूड पडलं, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स नावाच्या गावाच्या आसपास. पुढे महिनाभर आमच्या गावात अंडं बघायला मिळालं नाही.

तुमच्याकडचे येऊ द्या. नुसता मथळा नको, पुढे काय घडलं तेही हवं.

गजालीवाला

आमच्याकडे पण ह्याच झाला. आजीन अंड्यार बसलेली एक कोंबडी सोडून सगळी कापल्यान. तिका इचारला, ही कित्याक ठेवलंस? तर म्हणाक लागली, "वायच थांब. पडला नाय तर?"

सगळो गाव मराक तयार, आणि म्हातारी पुढच्या वर्षाची तजवीज करून बसलेली.

नाना न्यूजर्सीकर

:D आजींना दंडवत.

स्कायलॅबचा इकडचा अर्धा भाग सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झामिनर' या वर्तमानपत्राने जाहीर केलं होतं की स्कायलॅबचा पहिला तुकडा ७२ तासांच्या आत आमच्या कचेरीत आणून देईल त्याला १० हजार डॉलर. संपादकांना वाटलं असणार की आपल्या खिशाला काही धोका नाही. एस्परन्समधल्या सतरा वर्षांच्या पोराला घराच्या आवारात जळके तुकडे सापडले, त्याने विमान गाठलं आणि मुदतीत हजर झाला. द्यावे लागले पैसे. तिकडे एस्परन्सच्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला. नासाने तो भरला नाही. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरून टाकला.

मथळ्यांचा महामेरू अर्थात १९४८ चा. 'शिकागो डेली ट्रिब्यून'ने मतमोजणी पुरी व्हायच्या आधीच ड्यूईने ट्रुमनला हरवल्याचं छापलं. छापखान्यातल्या कामगारांचा संप चालू, त्यामुळे अंक लवकर सोडावा लागत होता. दोन दिवसांनी निवडून आलेले ट्रुमन सेंट लुईसच्या स्टेशनवर तोच अंक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हसत उभे, हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे.

गजालीवाला

४०० डॉलर ऱ्हवले बाजूक. आमच्या कोंबड्यांचे पैशे कोण देतलो?

मास्तर दापोली

स्कायलॅबच्या आधी अष्टग्रही झाली. फेब्रुवारी १९६२, मकर राशीत आठ ग्रह एकत्र, ३ ते ५ तारखेला जगबुडी. देशभर होमहवनं चालली होती. आमच्या बाजारात एक किराणा दुकानदार होते, हिशेबाला पक्के. त्यांनी जानेवारीअखेर दारावर पाटी लावली की ३ तारखेच्या आत ज्याने त्याने उधारी चुकती करावी. गिऱ्हाईक म्हणे, जग बुडणार तर तुम्हाला पैसे कशाला? शेठ म्हणत, मग तुम्हाला तरी कशाला? या मुद्द्यावर तीन दिवस दुकानाच्या पायरीवर खल चालला होता, असं माझे वडील सांगत. जग बुडालं नाही. सहा तारखेला शेठनी पाटी काढली आणि गिऱ्हाइकांनी पुन्हा उधारीवर तूरडाळ नेली. त्याच महिन्यात लोकसभेची निवडणूक होती, तेव्हा उमेदवारांची धाकधूक काय झाली असेल!

खवचट खोत

कोंबड्या आणि तूरडाळ झाली, आता जरा वजनदार काहीतरी घ्या. मराठीतला सगळ्यात जबर मथळा म्हणजे 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' जुलै १८९७. परिणाम काय, टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी. आजचे संपादक असा मथळा देतील का? विषय संपला.

जुनी कात्रणे

खोतसाहेब, विषय संपला म्हणू नका, इथेच तर सुरू होतो. मथळा तुमचा बरोबर, ६ जुलै १८९७ चा 'केसरी'. पण टिळकांना शिक्षा त्या मथळ्याबद्दल झालेली नाही. राजद्रोहाचा खटला भरला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर: शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. २२ जूनला पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि आठवडाभर आधीच छापलेल्या मजकुराकडे सरकार वेगळ्या नजरेने बघू लागलं. २७ जुलैला अटक, सप्टेंबरात दीड वर्षाची शिक्षा. सरकारचं डोकं विचारलं ते सुटलं आणि कविता अडकली. मथळा मात्र लोकांच्या तोंडी असा बसला की सगळं श्रेय त्याच्याकडे गेलं.

मथळ्यानेच घात केला असं म्हणायचं तर १९०८ कडे जा. १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत', या दोन अग्रलेखांवर सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक या हिशेबाने सहा दिवस संप केला.

आणि अगदी सुरुवातीचं तर कुणी काढतच नाही. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध पत्रं छापली, ती पत्रंच बनावट निघाली, आणि टिळक-आगरकर दोघे डोंगरीच्या तुरुंगात. वर्तमानपत्र काढून जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालेलं. शिक्षा चार महिन्यांची, भोगली १०१ दिवस. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं.

खवचट खोत

म्हणजे मथळ्याने नाही तरी मजकुराने तुरुंग दाखवलाच ना? मग माझं काय चुकलं?

जुनी कात्रणे

तारीख, कलम, मजकूर आणि निष्कर्ष सोडून काहीच नाही.

अवचित गंगा

भांडा, भांडा, पण रत्नागिरीकरांना यातला खरा मासला सांगू दे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी उचलला मंडालेहून आणि आणून ठेवला रत्नागिरीत, १८८६ मध्ये. वीस-बावीस वर्षांनी रत्नागिरीत जन्मलेले टिळक नेऊन ठेवले मंडालेला. दोन अग्रलेखांपायी बदली पुरी झाली. राजाला मिळाला समुद्रावरचा वाडा आणि टिळकांना लाकडी पिंजऱ्यासारखी खोली. टिळकांनी त्या खोलीत 'गीतारहस्य' लिहिलं. राजा १९१६ मध्ये इथेच वारला, मंडाले काही पुन्हा बघितलं नाही.

'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा मथळा मी आमच्या बांधकाम खात्याला दरवर्षी पाठवायला तयार आहे. मुंबई-गोवा महामार्ग. 'गणपतीपूर्वी खड्डे बुजवणार.'

बंदरकाठचा

महामार्गाला हात घातलात! चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. 'डिसेंबरअखेर काम पूर्ण' हा मथळा मी इतक्या वेळा वाचलाय की छापखान्यात त्याचा ठसा कायमचा जुळवून ठेवला असावा, नुसतं साल बदलायचं. परिणाम म्हणाल तर आमचे मुंबईकर चुलतभाऊ दर डिसेंबरात नवी गाडी घ्यायचं ठरवतात आणि दर जानेवारीत पाठीच्या डॉक्टरकडे जातात.

अवचित गंगा, तुम्ही राजापूरच्या ना? १९७९ च्या मार्चचं सांगा की.

अवचित गंगा

सांगते. २२ मार्च १९७९. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये होते. दुपारी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं की जेपी गेले. श्रद्धांजली झाली, सभागृह तहकूब, आकाशवाणीवरून बातमी. राजापूर म्हणजे समाजवाद्यांचं घर. आधी नाथ पै, मग मधु दंडवते, आणि दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री. त्यामुळे आमच्याकडे बातमी ऐकून लोक घरचं माणूस गेल्यासारखे बसले. शाळेत शोकसभा सुरू झाली. आमच्या गुरुजींचं भाषण रंगात आलं होतं, ते आणीबाणीपर्यंत पोचले होते, तेवढ्यात शिपाई धावत आला आणि त्यांच्या कानाशी लागला. जेपी जिवंत आहेत! गुरुजी क्षणभर थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "...आणि म्हणूनच त्यांना दीर्घायुष्य लाभो." टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. मुलांना एकच काळजी, सुट्टी जाते की राहते. सुट्टी गेली. गणिताचा तास झाला.

रेडिओ चुकला, दिल्ली चुकली, आणि आमच्याकडे दुसऱ्या दिवशी उशिरा येणारा पेपर, ज्याला आम्ही एरवी नावं ठेवायचो, तो एकटा बरोबर निघाला. जेपी नंतर ८ ऑक्टोबरपर्यंत होते.

मास्तर दापोली

"आणि म्हणूनच त्यांना दीर्घायुष्य लाभो" हे मी आता निरोप समारंभात वापरणार.

शृंगारतळीचा

गुहागरकडून मी हजर. एन्रॉनशिवाय हा धागा पुरा होणं शक्य नाही, आणि आमच्या काकांच्या घराशिवाय एन्रॉन पुरा होत नाही.

१९९२-९३. दाभोळ वीज प्रकल्प येणार, दोन हजार मेगावॅटच्या वर, परदेशी कंपनी, परदेशी इंजिनिअर. मथळा वाचून काकांनी ठरवलं की साहेब लोकांना भाड्याने द्यायला दुमजली घर बांधायचं. काकूचं म्हणणं, साहेब लोक इथे राहायला येतील कशाला? काका म्हणाले, पेपरात आलंय. चिरे आणले, जोतं घातलं. १९९५ ची निवडणूक आली आणि प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजली. काकांनी गवंड्याला सुट्टी दिली. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार रद्द केला. काकूने जोत्यावर मिरच्या वाळत घातल्या. १९९६ मध्ये त्याच सरकारने कंपनीशी पुन्हा बोलणी करून करार केला, आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठाच झाला. मिरच्या गोळा केल्या, भिंती लिंटेलपर्यंत चढल्या. मग कोर्टकज्जे, मोर्चे, अटका. जेव्हा जेव्हा पहिल्या पानावर 'स्थगिती' दिसे तेव्हा सिमेंटची पोती पडवीत येत, 'मार्ग मोकळा' दिसला की परत बाहेर जात. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला, काकांनी वाजतगाजत स्लॅब टाकला. पेढे वाटले. वरच्या मजल्यावर इंग्रजी पद्धतीचा संडास बसवला, तो बघायला शेजारच्या वाडीतून माणसं आली. पाण्याची टाकी मात्र वर चढली नव्हती, त्यामुळे नुसताच बघायचा.

२००१ मध्ये वीज मंडळाने महागडी वीज घेणं बंद केलं आणि प्रकल्प थंडावला. त्याच डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. बुडवू बुडवू म्हणत होते ती बुडाली एकदाची, पण अरबी समुद्रात नाही, तिकडे ह्यूस्टनमध्ये. वरच्या मजल्यावर काकूने आंब्याची आढी घातली. ती आजही तिथेच घालतात, आणि हवेशीर जागा असल्याने आंबा फार छान पिकतो. काकांच्या घराच्या भिंतीवर नीट बघितलं तर चिऱ्यांचे तीन रंग दिसतात, तीन वेगवेगळ्या मथळ्यांच्या वेळचे.

बंदरकाठचा

या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

रुळावरचा

कोकण रेल्वेचंही असंच. 'कोकण रेल्वे येणार' वाचत एक पिढी म्हातारी झाली. मग १९९० ला महामंडळ झालं, श्रीधरन आले, आणि २६ जानेवारी १९९८ ला गाडी खरोखर धावली. ७४० किलोमीटरच्या आसपासचा मार्ग, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि तेवढ्या वर्षांत उठलेल्या अफवांची लांबी वेगळीच. आमच्या गावी स्टेशन येणार असं छापून आल्यावर एकाच वर्षी गावातल्या चार मुलींची लग्नं मुंबईच्या स्थळांशी जमली, 'येणं-जाणं सोपं होणार' म्हणून. स्टेशन झालं ते गावापासून रिक्षाने जायच्या अंतरावर, आणि रिक्षाचं भाडं तिकिटापेक्षा जास्त. जावई अजून ऐकवतात.

वाशीची भाची

आंब्याचं कुणी बोलत कसं नाही?

एप्रिल २०१४ च्या अखेरीस बातमी आली, 'युरोपात हापूसला बंदी'. फळमाशी सापडली म्हणून १ मेपासून युरोपियन युनियनने आयात थांबवली. सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीतल्या चार जणी माझ्या दारात. "तुमच्या मामांची बाग आहे ना देवगडला? आता फुकटच जाईल आंबा. दोन पेट्या सांगून ठेव." मी मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "गो बाय, माझो आंबो युरोपात कधी गेललो? माझो आंबो वाशीच्या पलीकडे गेललो नाय. मीसुद्धा गेललंय नाय." पण दलालाने तोच मथळा मामालाही वाचून दाखवला आणि भाव पाडला. इकडे मार्केटमध्ये आम्हाला मात्र भाव तोच, वर फळवाला म्हणतो, "एक्सपोर्टचा माल आहे मॅडम, युरोपात जाणार होता." एकाच मथळ्याने मामाला स्वस्त आणि मला महाग, मधला कुठे गेला ते विचारू नका.

त्या बंदीत हापूसबरोबर अळू, कारलं, पडवळ आणि वांगंही होतं. त्यांच्यासाठी कुणी एक ओळ रडलं नाही. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. ती बातमी आतल्या पानावर, त्यामुळे सोसायटीतल्या बायका पुढच्या मोसमातही विचारत होत्या, "बंदी आहे ना अजून?"

देवगडचा बागवाला

भाचीबाय, मामाच्या बाजूने बोलतो. युरोप परवडला, 'हापूसची पहिली पेटी वाशीत दाखल' हा मथळा नको. दरवर्षी येतो, अलीकडे तर थंडीतच. खाली पेटीचा डोळे फिरवणारा भाव, पेटीला हार, फोटो. ती असते एका कुणाची एक पेटी, माझ्या झाडावर तेव्हा मोहोरसुद्धा धड नसतो, तुडतुड्यासाठी फवारणी चाललेली असते. पण मथळा वाचून बँकवाला हप्त्याची आठवण करतो, मजूर रोज वाढवून मागतात आणि मुंबईचे पाहुणे विचारतात, "यंदा आम्हाला विसरलात वाटतं?"

विज्ञानवादी बामण

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला. दुसऱ्या दिवशीचे सगळे पेपर त्यानेच भरलेले. कोकणातली गोष्ट अशी की आमच्याकडचे गणपती केव्हाच पाण्यात गेले होते. त्या वर्षी चतुर्थी २९ ऑगस्टला, म्हणजे एकवीस दिवसांचासुद्धा विसर्जन होऊन गेला होता. पितृपंधरवडा चालू. घराघरात म्हाळ, आणि म्हाळाला खीर हवी. सकाळी दहापर्यंत गावातलं दूध देवळाच्या रांगेत. आमच्याकडे त्याच दिवशी आजोबांचं म्हाळ, भटजी येऊन बसलेले, खिरीला दूध नाही. वडील देवळात जाऊन गुरवाला म्हणाले, देवाने पिऊन उरलं असेल तर तांब्याभर द्या. गुरव म्हणाला, देव सोडत नाही. देवाच्या पायाशी पन्हाळीतून ओहोळ वाहत होता तो आम्ही सगळ्यांनी बघितला. चमच्याच्या कडेवरून पृष्ठताणाने दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून ओघळतं हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन दाखवलं. खीर शेवटी नारळाच्या रसाची झाली. भटजींनी दोनदा मागून घेतली.

मास्तर दापोली

माझा दुसरा मथळा हसण्यासारखा नाही, पण इथेच बसतो. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आधी दोन दिवस सगळीकडे एकच, वादळ मुंबईवर येणार. आलं ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, आणि आमच्या मंडणगड-दापोलीला घासून गेलं. सुपारीच्या बागा आडव्या. पन्नास-पन्नास वर्षांची नारळाची झाडं मुळासकट. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही, फोन बंद, त्यामुळे आपल्याबद्दल काय छापून आलंय ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. मग मदतीचं सामान आलं. मेणबत्त्यांचं पुडकं सोडलं तर बाहेरच्या कागदावर ठळक अक्षरांत: मुंबईवरचं संकट टळलं.

शेजारच्या काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "पंचनाम्याला तलाठी येईल, त्याला दाखवतो. संकट टळलंय, कौलं कुणी नेली?"

गजालीवाला

मास्तर, हसाचा काय रडाचा, ताच समाजना नाय.

भातवाला

पावसाचा मथळा राहिला. 'येत्या ४८ तासांत मान्सून तळकोकणात.' आमच्या भागात या ४८ तासांवर भरवसा ठेवून धूळवाफेची पेरणी केली की दाणे मुंग्या आणि चिमण्या खातात, आणि न करावी तर तिसऱ्या तासाला पाऊस. २०२५ ला तर कहरच, जूनमध्ये यायचा तो २५ मेला तळकोकणात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. आमची फाटी बाहेर, आगोटीचं सामान दुकानात, मिरच्या अंगणात, आंबा झाडावर आणि चाकरमानी समुद्रात पोहायला. बायको म्हणाली, या वेळी पेपरवाल्यांनी सांगितलं नव्हतं वाटतं? सांगितलं होतं. पण इतक्या वेळा ऐकल्यावर कोण ऐकतो.

खवचट खोत

जुनी कात्रणे यांना अजून एक प्रश्न. तुम्ही म्हणता १५ जूनचा अंक. मग ६ जुलैच्या अंकाबद्दल सरकारने काहीच केलं

वाशीची भाची

मध्ये बोलते, माफ करा. आत्ताच बातमी आली, गणपतीच्या जादा गाड्या जाहीर. आरक्षण उद्या सकाळी आठ वाजता.

रुळावरचा

कुठल्या? सावंतवाडीपर्यंत आहेत का? रत्नागिरीला थांबा?

शृंगारतळीचा

चिपळूण आहे का बघा कुणीतरी. खेड चालेल. काहीही चालेल.

देवगडचा बागवाला

आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग लागतं. पासवर्ड आत्ताच तपासून ठेवा.

बंदरकाठचा

मुलाला, सुनेला आणि मेहुण्याला आत्ताच फोन केले. चार मोबाईल, चार लॉगिन. मेहुणा म्हणतो, मागच्या वर्षी तू माझंच तिकीट विसरलास.

गजालीवाला

खोतानु, टिळकांचा उद्या बघूया. आधी तुमचा तिकीट काढा.